कडीखालची बिंदी

मुंबईच्या टांकसाळीत पाडलेल्या, इंग्रजांच्या वेळच्या राजाछाप रुपयावर एक बिंदी असते. मागच्या बाजूला वेलबुट्टीचं कडं आहे, त्याच्या अगदी तळाशी, खालच्या फुलाखाली, काठाला चिकटून. मोहरीच्या दाण्याहून बारीक. कलकत्त्याच्या रुपयावर तिथं काहीच नसतं. काही नसणं हीच कलकत्त्याची खूण. तुमसरला आल्यावर मला हे पहिल्यांदा कुणी सांगितलं तेव्हा मी पदराआड हसले होते. म्हटलं, ही काय खूण झाली? पुढं तेच माझं काम झालं. आणि त्याच कामापायी मी एका बाईवर जळत राहिले, जिचे माझ्यावर उपकार होते. उपकार नसते तर जळणं सोपं गेलं असतं.

आम्ही इकडचे नव्हे. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, माणदेशाच्या कडेला. तिकडं पाऊस कमी, त्यामुळं घरटी एक तरी गडी गलाईच्या धंद्यात बाहेर पडलेला. गलाई म्हणजे सोनाराकडची मोड, जुने डागदागिने, झिजलेली नाणी भट्टीवरच्या मुशीत वितळवायची, शुद्ध करायची आणि लगड करून परत द्यायची. माझी शाळा सहावीतच सुटली. शेतावर हात कमी पडत होते आणि बाई शिकून कुठं जाणार, असं सगळ्यांचं म्हणणं. जायचं होतंच, पण ते असं. लग्न झालं आणि मालकांबरोबर गाड्या बदलत, ट्रंकेवर डुलक्या काढत मी तुमसरला येऊन पडले. सराफ गल्लीच्या मागं दोन खोल्या. पुढच्या खोलीत भट्टी, मागच्या खोलीत आम्ही.

पहिल्या आठवड्यात भाजीवाली म्हणाली, "काहून उभी रायली वं? घेतं का नाई?" मला वाटलं भांडते. मी न घेताच घरी आले. ज्वारी मागितली तर दुकानदारानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी आजारी माणसाचं काहीतरी मागतेय. सगळीकडं भात. सकाळी भात, संध्याकाळी भात, गिरण्यांचा भुसा केसांत. मी कुणाशी बोलायची नाही. बोलले की लोक थांबून ऐकायचे आणि मग हसायचे. वाईट मनानं हसत नव्हते, पण हसायचे.

तेव्हा ती आली. घरमालकांची सून. माझ्याच वयाची, मॅट्रिक झालेली, नवरा भाताच्या गिरणीवर. हातात लाखोळीच्या डाळीचं पातेलं. म्हणाली, "वहिनी, मी वरती राहतो. काही लागलं तं आवाज द्या." इकडच्या बायका 'मी जातो, मी येतो' म्हणतात. मला ते ऐकून इतकं हसू आलं की आल्यापासून पहिल्यांदा मी खरी हसले, आणि तीही का ते न विचारता हसली. नळाला पाणी कधी येतं, कुठल्या डॉक्टरकडं जावं, कुणाकडून दूध घेऊ नये, सगळं तिनं सांगितलं. मी तिला ताई म्हणायला लागले. आजही कुणी विचारलं तर मी सांगते, त्या बाईनं मला त्या गावात उभं केलं.

तिचं माहेर आंबागडचं, किल्ल्याखालचं. दर बाजाराच्या दिवशी तिची माय एसटीनं यायची. ठेंगणी, काळीसावळी, डोक्यावर टोपली. टोपलीत कधी कोचईचे कंद, कधी शिंगाडे, कधी मोहफुलं. मायलेकी ओसरीवर बसायच्या आणि काही विशेष बोलायच्याही नाहीत. माय तिच्या पायांची बोटं ओढून कडाकडा मोडायची. मी दारातून बघायची. माझी आई आमच्या गावाच्या पुढं तालुक्यालासुद्धा एकटी गेलेली नव्हती. ती तुमसरला येणं म्हणजे तिला चंद्रावर बोलावणं. ती माय जाताना मलाही मूठभर शिंगाडे द्यायची. मी घ्यायची, पाया पडायची, आणि ते शिंगाडे मला गोड लागायचे नाहीत.

नाण्यांचं काम आलं ते स्टेशनातल्या काकांमुळं. ते तुमसर रोडला बुकिंग क्लार्क होते, रिटायर झाले होते. आम्हाला ही जागा त्यांनीच शब्द टाकून मिळवून दिली होती, त्यामुळं मालक त्यांना देवाच्या ठिकाणी मानायचे. काकांना नाण्यांचा नाद. त्यांची एक लाकडी पेटी होती, आत मखमल, आणि मखमलीत गोल गोल खण पाडलेले. राजाछाप रुपयाच्या प्रत्येक सालासाठी दोन खण. एक बिंदीवाल्याचा, एक बिनबिंदीचा. एकच खण रिकामा होता. त्या सालचा कलकत्त्याचा त्यांच्याकडं होता, मुंबईचा नव्हता. ते म्हणायचे, "बाई, हा खण मला रोज बघतो."

चांदी एकाएकी चढली, त्या सुमाराची ही गोष्ट. गावोगावच्या बायकांच्या गळ्यातल्या रुपयांच्या माळा सोनारांकडं यायला लागल्या आणि तिथून आमच्या भट्टीत. काका मालकांना म्हणाले, मुशीत टाकायच्या आधी प्रत्येक कलदार रुपया बघून ठेवत जा. साल कुठलं, टांकसाळ कुठली. माझ्या कामाचा असला तर त्याच्या वजनाची चांदी मी देईन, नसला तर घाला भट्टीत. मालकांना भट्टीपुढून हलता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

भट्टीच्या खोलीला पूर्वेकडं एक खिडकी होती. तिच्याखाली पाट मांडला आणि मी बसले.

नवं नाणं कुणीही ओळखेल. माळेतला रुपया मात्र वर्षानुवर्षं अंगावर घासलेला असतो. राजा बाहेर, वेलबुट्टी आत. घाम, पोलकं, धानाच्या बांधीत वाकणं, सगळं त्या आतल्या बाजूवर. फूल सपाट होतं. मग बिंदी नाही असं दिसलं, तर ती मुळातच नव्हती की झिजून गेली? कलकत्ता, की पुसलेली मुंबई? काकांनी एकच युक्ती सांगितली होती. बिंदीच्या जागेकडं नंतर बघा, आधी शेजारच्या पाकळ्या बघा. पाकळ्या शाबूत आणि जागा कोरी, तर कलकत्ता. पाकळ्याच गेल्या असतील तर बोलू नका.

बाकीचं मी माझं शोधलं. सकाळचं ऊन खिडकीतून तिरपं यायचं, त्यात नाणं आडवं धरायचं आणि हळूच फिरवायचं. बिंदी असली तर तिची सावली तिच्या आधी दिसते. ढगाळ असलं तर नाण्यावर तोंडानं 'हाऽ' करून वाफ सोडायची. वाफ उडताना जिथं उंचवटा आहे तिथून आधी उडते. घासायचं कधीच नाही. घरी आम्ही चिंचेनं तांब्या घासायचो तसा एक रुपया मी पहिल्या दिवशी लख्ख केला होता. काकांनी कपाळावर हात मारला. "होतं नव्हतं ते पुसलं की हो!"

काम चोख व्हायला लागलं. सोनार यायचे, माझ्या पाटाकडं बघून मालकांना म्हणायचे, "भाभीजीनं पाह्यलं का? मग ठीक हाय." त्या गावात माझी कुणाला गरज नव्हती. भाजीवाली मी नसते तर दुसरीला भाजी विकणार होती. पण त्या पाटावर मी नसले तर काम अडत होतं. मी पाट रोज पुसायची. मालक चेष्टा करायचे, "पाटाला हळदकुंकू लाव आता."

मग माझे डोळे आले. चिकटून बसायचे, पाणी गळायचं, उजेड सहन व्हायचा नाही. तरी मी पाटावर. ताई डाळ द्यायला आली आणि ओरडली.

"अवो वहिनी, डोरे पाहा तुमचे! मिरचीसारखे लाल झाले. सरका तिकडे. मी पाहून देतो."

"तुम्हाला न्हाय जमायचं ताई, लई किचकट हाय."

"न जमाले काय झालं? बिंदी हाये का नाही, एवढंच ना?"

एवढंच ना! मी आतल्या खोलीत अंधार करून पडले आणि बाहेरून तिचं हसू ऐकत राहिले. ती मालकांना भाऊ म्हणायची. "भाऊ, ह्या राजाची मिशी तं गेलीच हो. ह्याच्या बायकोनं कशी ओळखली असंन?" मालक हसले. भट्टीपुढं मालक हसतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

तिनं तिची रीत काढली. चहाच्या पुड्यातला चांदीचा कागद रुपयावर ठेवायची, अंगठ्यानं दाबायची आणि वरून बोट फिरवायची. कागदावर फूल उठायचं. जे नाण्यावर डोळ्याला दिसत नव्हतं ते कागदावर थोडं दिसायचं. इंग्रजी अक्षरं तिला घडाघडा यायची, मी अजून बोट ठेवून वाचायची. आणि तिला एक गोष्ट सहज जमायची जी मला कधी जमली नाही. झिजलेलं नाणं बाजूला टाकून ती म्हणायची, "हे काही समजत नाही बाप्पा." मी 'समजत नाही' म्हणायच्या ऐवजी नाणं पुन्हा पुन्हा उन्हात फिरवत बसायची. वाटायचं, आज हे समजलं नाही तर उद्या म्हणतील, हिला काय समजतं? ती चुकली असती तर जिना चढून आपल्या घरात गेली असती. मी चुकले तर कुठं जाणार होते?

काकांनी तिची पारख करून बघितली. भिंग लावून तिचे ढीग तपासले आणि म्हणाले, "वा. जे कळत नाही ते कळत नाही म्हणणारं माणूस लाखात एक."

माझे डोळे बरे झाले. मी सकाळी पाटाकडं गेले तर ती आधीच बसलेली. "आराम करा जी आणखी," म्हणाली. मी मालकांकडं बघितलं. ते भाता मारत होते. दुपारी जेवताना म्हणाले, "ताईंचा हात बसलाय आता. माल बी लई येतोय. बघायला नजर एकच पाहिजे, दोन झाल्या की घोळ. तू कड्यांचं बघ."

"माझी नजर आधीची हाय की."

"अगं, डोळ्यांना ताण नको म्हणून म्हणतोय."

काळजीनं म्हणत होते. म्हणून तर मी ताटं उचलली आणि कड्यांकडं गेले.

कड्यांचं काम असं. माळेतल्या प्रत्येक रुपयाला वर एक कडी असते, तिच्यातून दोरा ओवतात. खेड्यातले सोनार ती कथलाचा डाग देऊन चिकटवतात. कथील मुशीत गेलं तर चांदी ठिसूळ होते, सोनार लगड तोंडावर मारेल. म्हणून मालक छिन्नीनं कडी काठासकट उडवायचे; वरचा काठ गेला तरी काकांची तक्रार नसायची, त्यांना बिंदी पाहिजे. ते कात्रण बशीत जमायचं. ते गरम तव्यावर टाकायचं, कथील पाण्यासारखं पातळ झालं की जुन्या लुगड्याच्या बोळ्यानं पुसून घ्यायचं आणि चांदीचा तुकडा वेगळा काढायचा. मी आता तव्यापुढं, भिंतीकडं तोंड करून. माझ्या पाठीमागं खिडकी, पाट, ऊन आणि ती.

मी वाईट वागले नाही. डाळीचं पातेलं परत करताना त्यात साखर घालून दिली. ती आजारी पडली तेव्हा तिच्या सासूचे पाय दाबले. पण दिवसभर तिच्या बोटांकडं माझं लक्ष. ती एखादं नाणं कळत नाही म्हणून टाकायची, तेव्हा मी मनात म्हणायची, मला कळलं असतं. कदाचित कळलं नसतं. पण बघायलाच मिळत नव्हतं. तिला घर होतं, सासर होतं, मॅट्रिक होतं, बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन येणारी माय होती. मला एक पाट होता. आणि तोही तिनं असा घेतला, जसं कुणी शेजारणीकडून वाटीभर साखर नेतं.

मग एका बाजाराच्या दिवशी माय आली ती टोपलीबरोबर एक फडकं घेऊन. फडक्यात तिची स्वतःची माळ. तिच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि नव्या मुलींना रुपयांची माळ नको, पायात चांदीच्या तोरड्या पाहिजेत. माय ओसरीवर बसली. "वितळून टाका जी," मालकांना म्हणाली. "माह्या सासूची होय. मी मरतवर घालतो म्हणलं होतं. पन पोट्टी म्हनते, माय, हे घालून मी का तमाशात नाचाले जाऊ?"

सगळे हसले. काका पण होते, त्यांची पेटी मांडीवर. मालकांनी माळ तोडली आणि नेहमीसारखे कड्या उडवायला बसले. ताई पाटावर. आईची माळ, म्हणून ती एकेक रुपया दोन्ही हातांनी घेत होती. कागद दाबला, बोट फिरवलं. "ह्याचं काही समजत नाही. फूल पूर्ण गेलं." दुसरा. "हाही गेला." तिसरा. काकांनी भिंग लावलं, मान हलवली. मागच्या बाजूला मधलं साल तेवढं पुसट उरलेलं, बाकी तळहातासारखं गुळगुळीत. मायनं हात जोडले, "राहू द्या जी. म्हाताऱ्या झाल्या, माह्यासारख्या."

मी तव्यापुढं. बशीतलं पहिलं कात्रण उचललं आणि हात थांबला.

कडी नेहमी वर असते. त्यामुळं कात्रणावर राजाच्या मुकुटाचा शेंडा येतो. हजारदा बघितलेला. या कात्रणावर मुकुट नव्हता. झग्याची किनार होती. म्हणजे कडी राजाच्या पायाकडं लावलेली. राजा उलटा टांगलेला.

कात्रण तव्यावर टाकलं. कथील चमकलं, सुटलं. बोळ्यानं पुसलं, चिमट्यानं उचलून उलटं केलं. मागच्या बाजूला फुलाच्या खालच्या पाकळ्या होत्या. ताज्या, जशा कालच ठशातून निघाल्या. आणि त्यांच्याखाली, काठाला चिकटून, बिंदी.

माझ्या मनात जे आलं ते सांगते. मायचा विचार आला नाही, तिच्या सासूचा आला नाही. मला एवढंच वाटलं की ती पाटावर बसून 'समजत नाही' म्हणतेय, आणि ते माझ्या चिमट्यात आहे.

"थांबा," मी म्हटलं. फार मोठ्यानं म्हटलं असणार, कारण मालकांनी छिन्नी खाली ठेवली.

"काय झालं वं?" माय म्हणाली.

"मावशी, तुमच्या माळेतला राजा उलटा का वो?"

माय आधी समजली नाही. मग हसली, दात नसलेल्या जागेतून. "हाव ना! सासूनंच तशा कड्या लावल्या होत्या. म्हने, राजा माह्या गऱ्यात हाये, तं मान खाली केली का मले सिधा दिसला पाह्यजे. लोकायले उलटा दिसते तं दिसो. लोकायनं का दिला का मले?"

काका उठून उभे राहिले. त्यांना आधी कळलं. राजा उलटा, म्हणजे कडी खाली. कडी खाली, म्हणजे डाग नेमका बिंदीच्या जागेवर. सगळं नाणं झिजलं, पण तेवढीच जागा कथलाखाली झाकून राहिली. आणि आम्ही तीच जागा छिन्नीनं उडवून बशीत टाकत होतो.

"कापू नका!" काका मालकांना ओरडले. "एकही कापू नका आता."

बरेचसे कापून झाले होते. उरलेल्यांतला एक मालकांनी मला दिला. मला, ताईला नव्हे. मी तो तव्यावर ठेवला. सगळे माझ्याभोवती वाकले, ताई तर माझ्या खांद्यावर हात टेकून. कडी हलली, कलंडली, चिमट्यानं बाजूला केली. बोळा फिरवला. फूल वर आलं, पाकळी न् पाकळी. आणि खाली काहीच नाही.

"अरे! ह्याच्यावर तं काहीच नाही!" ताई म्हणाली.

"काहीच न्हाय म्हणजे कलकत्ता," मी म्हटलं. "पाकळ्या बघा की. ही जागा झिजून कोरी झालेली न्हाय. ही पहिल्यापासूनच कोरी." माझा आवाज मला ओळखू आला नाही.

दुसऱ्यावर बिंदी निघाली. तिसरा पुन्हा कोरा. चौथ्यावर बिंदी, आणि काकांनी तो गरमच उचलला, बोटं भाजली तरी सोडला नाही. भिंगाखाली साल बघितलं. पेटी उघडली. रिकाम्या खणावर तो रुपया नुसता धरला, आत ठेवला नाही. "माय," ते म्हणाले, "हा मला द्या. याच्या दुप्पट चांदी घ्या. तुमच्या पोरीच्या तोरड्या जाड होतील."

माय त्यांच्याजवळ गेली. रुपया हातात घेतला, बोटानं ते फूल चाचपलं. बराच वेळ चाचपलं. "मी एवढे वर्सं घातली," ती म्हणाली, "मले हे फूल हाये हेच मालूम नव्हतं. सासूनं नवीन घेतली तवा असं होतं का जी?"

"असंच असणार."

"मंग नाई देत."

"अहो, पण तुम्ही तर वितळवायला आणली होती!"

"तवा म्हातारी होती. आता नवी निंगाली. नवी वस्तू कायले देऊ?" आणि मालकांकडं वळून तिनं निकाल दिला. "जेवढ्या कापल्या तेवढ्याच्या तोरड्या करा. बाकीच्यायले कड्या लावून द्या. होत्या तशाच, खालीच. राजा मलेच दिसला पाह्यजे."

म्हणजे मी उघडलेलं फूल पुन्हा कथलाखाली. काकांनी पेटीचं झाकण असं लावलं की बिजागरी वाजली, आणि मग तेच हसायला लागले. "खण रिकामाच राहिला. बाई," मला म्हणाले, "पुढचा शोधायचा तो तुम्ही. डोळे बरे आहेत ना आता?"

मी ताईकडं बघितलं. हे सगळं झालं ते मला त्याच क्षणासाठी हवं होतं. तिचा चेहरा पडलेला मला बघायचा होता. थोडासा. एक बोटभर.

तिचा चेहरा फुललेला होता. तिनं माझे दोन्ही हात धरले. "वहिनी, तुम्ही तं कमाल केली! पाह्यलं का भाऊ? बसा बाप्पा तुम्हीच पाटावर. मले तं तसाही कंटाळा येऊन राहिला होता. माह्यासाठी टाइमपासच होता तो."

टाइमपास. किती रात्री मी त्या पाटापायी कूस बदलत काढल्या होत्या. ती उठली, पदर झटकला, चांदीचे कागद चुरगळून भट्टीत टाकले आणि पाट पायानं माझ्याकडं सरकवला. हलकेच, आपल्या घरातली वस्तू सरकवावी तसा. मी बसले. मला दुसरं काय सुचणार? मी तिला म्हटलं, "लई उपकार झाले ताई," आणि ते खरंही होतं. याहून वाईट काय असतं मला माहीत नाही, की जिच्यावर जळावं तिनं भांडूही नये.

दुपारी मालकांनी कड्या लावल्या, माय सांगेल तशा. मी प्रत्येक रुपया त्यांच्या हातात देण्याआधी उन्हात एकदा फिरवून बघितला, आणि एकेका बिंदीवर कथील चढताना बघितलं. मायनं माळ लगेच गळ्यात घातली. मान खाली करून राजाला बघितलं, समाधान झालं. मग माझ्या गालाला हात लावून विचारलं, "तुझी माय कधी येते वं पोरी?"

"येईल की," मी म्हटलं.

"आली का मले सांगजो. मी शिंगाडे आणतो तिच्यासाठी."

एसटीची वेळ झाली. ताई मायला पोचवायला निघाली. खिडकीतून गल्लीच्या तोंडापर्यंत दिसतं. माय माळेकडं बघत बघत चालत होती, समोर बघतच नव्हती, त्यामुळं दगडाला, गटाराच्या फरशीला अडखळायची, आणि दर वेळी ताई तिचं कोपर धरून तिला सावरायची. "माय, समोर पाह्य ना!" असं ती म्हणाली असणार. तिथून ऐकू येत नव्हतं. रिकामी टोपली ताईच्या कमरेवर होती.

पाट माझ्याकडं आला तो राहिलाच. पुढची कित्येक वर्षं, चांदी उतरली, परत चढली, भट्टीचा भाता जाऊन विजेचा पंखा आला, तरी बघायचं काम माझंच. आता सोनार मलाच भाभीजी म्हणून थेट विचारतात. मला कुणी उठवलं नाही.

पण त्या दुपारी माझ्या हातात पुढचा रुपया होता, ऊन अजून बरं होतं, आणि माझं लक्ष त्या कोपरावर. त्या दोघी गल्लीच्या वळणावर दिसेनाशा होईपर्यंत मी तो रुपया तसाच धरून बसले. मालकांनी विचारलं, "काय निघालं?"

मी बघितलंच नव्हतं. म्हटलं, "समजत न्हाय." किती सहज म्हटलं, हे नंतर माझ्या लक्षात आलं.